चरबी काढून मिळेल

न्यू जर्सीहून येणारे नातेवाईक पूर्वी चॉकलेटं आणायचे, आता आकडे आणतात. माझे साडू यंदा दिवाळीनंतर आले, ते एका पाकिटाच्या पाठीवरचा अख्खा तक्ता तोंडपाठ करून. पाकीट होतं लीन टर्की सॉसेजचं. एके काळी हाच माणूस सकाळी दोन बशा पोहे खायचा. वर शेव, वर खोबरं, आणि वर ‘खालचं करपलेलं असेल तर तेही वाढा’. आता सकाळी टर्की सॉसेज आणि अंड्याचा फक्त पांढरा भाग. पिवळा कोण खातं, हे मी विचारलं नाही. अमेरिकेत त्याची वेगळी सोय असावी.

सासूबाईंनी मात्र रीतसर चौकशी केली.

“टर्की म्हणजे काय हो, जावईबापू?”

“मोठी कोंबडी समजा, आई. दहा-बारा किलोची.”

“आणि सॉसेज?”

“तिचा खिमा करून आतड्यात भरतात.”

सासूबाईंनी पदर नाकाला लावला. “कुणाच्या आतड्यात?”

साडू जरा अडखळले. हा प्रश्न पाकिटावर नव्हता. “हल्ली कृत्रिमही मिळतं,” ते म्हणाले, “पण मुद्दा तो नाही. मुद्दा लीन हा आहे. म्हणजे चरबी काढलेली.”

“अगंबाई! आणि किंमत?”

“जास्त.”

चरबी काढली तर किंमत वाढते, हे सासूबाईंच्या पिढीच्या हिशेबात बसणं कठीण. त्यांच्या काळी साय काढलेलं दूध स्वस्त असायचं.

साडूंच्या बाजूनेही थोडं बोललं पाहिजे, कारण टर्की हा पक्षी खरोखरच सडपातळ मनाचा आहे. कातडी काढलेल्या तिच्या छातीच्या शंभर ग्रॅम कच्च्या मांसात तेवीस-चोवीस ग्रॅम प्रथिनं आणि दोन ग्रॅमच्या आतबाहेर चरबी असते. एवढं स्वच्छ चारित्र्य पक्ष्यांत फार कमी. घोटाळा होतो तो सॉसेज करताना. नुसत्या कोरड्या मांसाचं सॉसेज केलं तर ते खाताना बुचाची आठवण येते. सॉसेजचा रसाळपणा उभा असतो चरबीवरच. म्हणून मग मांडीचं काळपट मांस घाला, थोडी कातडी घाला, पाणी धरून ठेवायला स्टार्च घाला, फॉस्फेट घाला. असं करत करत पक्षी लीन आणि त्याचं सॉसेज बेताचं लीन, अशी तडजोड होते. अमेरिकी सरकारचा नियम आहे की शंभर ग्रॅममध्ये चरबी १० ग्रॅमच्या खाली, त्यातली संपृक्त चरबी साडेचार ग्रॅमपर्यंत आणि कोलेस्टेरॉल ९५ मिलिग्रॅमच्या खाली असेल, तरच मांसाला लीन म्हणावं. त्याच देशात डुकराच्या ताज्या सॉसेजमध्ये निम्म्यापर्यंत चरबी चालते. आता निम्म्या चरबीच्या शेजारी उभं राहिलं तर कोणीही लीन दिसतो. आमच्या घराण्यातल्या लग्नांच्या ग्रुप फोटोंत मी कायम थोरल्या काकांच्या शेजारी उभा राहतो, ते काय उगाच?

पाकिटाची दुसरी गंमत टक्क्यांची. समजा, शंभर ग्रॅम सॉसेजमध्ये नऊ ग्रॅम चरबी आणि सतरा ग्रॅम प्रथिनं आहेत. वजनाच्या हिशेबाने हा माल ९१ टक्के चरबीमुक्त. पण चरबीच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी आणि प्रथिनाच्या ग्रॅमला ४. म्हणजे चरबीच्या झाल्या ८१, प्रथिनांच्या ६८. पाकिटावर ९१ टक्क्यांनी गायब असलेली चरबी पोटात गेल्यावर निम्म्याहून जास्त हिस्सा मागते! साडू इंजिनिअर आहेत. मी हा हिशेब पेपर नॅपकिनवर मांडून दाखवला, तेव्हा ते बराच वेळ नॅपकिनकडे बघत राहिले, आणि मग म्हणाले, “पण सर्व्हिंग साइझ बघा ना.”

सर्व्हिंग साइझ बघितला. दोन औंस, म्हणजे ५६ ग्रॅम. करंगळीएवढ्या दोन-तीन नळ्या. पाकिटावरचे सगळे सद्गुण या ५६ ग्रॅमचे. ५६ ग्रॅम खाऊन ताटावरून उठणारा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. आमच्याकडे एवढं तर मीठ बरोबर आहे का ते बघायलाच लागतं.

मिठावरून आठवलं. टर्कीला स्वतःची चव बेताचीच, त्यामुळे सॉसेज करणारा सढळ हाताने मीठ घालतो. शंभर ग्रॅमला सहाशे ते नऊशे मिलिग्रॅम सोडियम हे अशा सॉसेजांत नेहमीचं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराला दोन हजार मिलिग्रॅमच्या खाली राहा म्हणते, म्हणजे साधारण चमचाभर मीठ. त्याच संघटनेच्या कर्करोग संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये सॉसेज, बेकन, हॅम असलं सगळं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज. पन्नास ग्रॅम! म्हणजे साडूंच्या एका सर्व्हिंगपेक्षाही सहा ग्रॅम कमीच. हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही. पाहुणा चार दिवसांसाठी आलेला, आणि सांगितलं असतं तर त्यांनी ते चार दिवस मला त्यावरचे शोधनिबंध पाठवले असते.

सॉसेजच्या बाबतीत खरा प्रामाणिकपणा गोव्याने दाखवला. गोव्याचं चोरीस म्हणजे डुकराचं मांस, त्याचीच चरबी, लाल मिरची, व्हिनेगर, मीठ आणि वाळवण. ते लीन असल्याचा दावा कोणी केलेला नाही. दुकानात ते माळेसारखं टांगलेलं असतं, खालच्या कागदावर तेलाचा नकाशा उमटलेला असतो, आणि ज्याला खायचं तो त्या नकाशाकडे बघूनच घेतो. पावात घालून खाल्लं की बोटं दुसऱ्या दिवशीपर्यंत साक्ष देतात.

गंमत म्हणजे साडूंची टर्की मोगल दरबारात पोचली तीही गोव्यातूनच. मूळची ती अमेरिकेची. मुकर्रब खान नावाच्या सरदाराला जहांगीर बादशहाने गोव्याला पाठवलं. तिथे पोर्तुगीजांकडे जे जे नवलाचं मिळेल ते किमतीकडे न बघता घेऊन ये, असा हुकूम. १६१२ मध्ये तो परतला तो चित्रविचित्र प्राणी घेऊन, आणि त्यात टर्की होती. बादशहा इतका खूश झाला की त्याने तिचं वर्णन स्वतः लिहून ठेवलं आणि उस्ताद मन्सूरने तिचं चित्र काढलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. बादशहाचं वर्णन असं: लांडोरीपेक्षा मोठी, मोरापेक्षा लहान. माजावर आली की पिसारा फुलवून नाचते. डोकं आणि मान सरड्यासारखी रंग बदलते, घटकेत पोवळ्यासारखी लाल, घटकेत कापसासारखी पांढरी. डोक्यावरचं मांस कधी हत्तीच्या सोंडेसारखं लोंबतं तर कधी गेंड्याच्या शिंगासारखं उभं राहतं. हिंदुस्थानचा बादशहा, खाण्यापिण्याचा शौकीन, पिण्याचा तर फारच. पण एवढ्या तपशिलात प्रथिनांचा उल्लेख नाही! साडूंना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “त्या वेळी जागरूकता नव्हती.”

तर अशा जागरूक माणसाला घेऊन आम्ही तोरणमाळला निघालो. बायकोची आणि मेहुणीची इच्छा. सुरतेवरून येणारी तापी मार्गाची गाडी पकडली. वाटेत नवापूर लागतं. अर्धं स्टेशन महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत, म्हणून लोक तिथल्या बाकड्यावर बसून फोटो काढतात. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने नवापूरचं महत्त्व वेगळं. कोंबडीचे धंदे तिथे दाटीने आहेत, आणि भारतातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये सापडला तो इथेच. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. रेल्वेने जेवणातून चिकन काढून टाकलं. मुंबईत तर ज्यांनी जन्मात नवापूर ऐकलं नव्हतं, तेही ‘नवापूरची नाही ना?’ असं विचारून अंडी घ्यायला लागले. मग कोंबडीवाल्यांनी ठिकठिकाणी मांडव टाकून लोकांना फुकट चिकन खायला घातलं, आणि भीती एका जेवणात गेली. फुकटापुढे विषाणू टिकत नाही. २०२१ मध्ये तो नवापूरला पुन्हा येऊन गेला, तोवर माणसं स्वतःच्या विषाणूत इतकी गुंतलेली होती की कोंबडीच्या आजारपणाची विचारपूस करायला कोणी मोकळं नव्हतं.

नंदुरबारला उतरलो. मिरचीचा हंगाम होता. शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पसरलेली, आणि गाडीची काच चार बोटं उघडी असली तरी सगळ्या कुटुंबाला एकदम शिंका. “कॅप्सेसिन,” साडू डोळे पुसत म्हणाले, “मेटाबॉलिझमला चांगलं.” तिथून शहादा, आणि शहाद्याहून पन्नासेक किलोमीटर सातपुड्यात वर चढायचं. सातपायरीचा घाट वळणं घेत घेत असा चढतो की सात पायऱ्या कुठून कुठे मोजायच्या यावर गाडीत दोन पक्ष पडले. वर तोरणमाळ, सुमारे ११४० मीटरवर, अक्राणी तालुक्यात. यशवंत तलाव, सीताखाई, गोरखनाथांचं मंदिर. महाशिवरात्रीच्या यात्रेला चिक्कार गर्दी. एरवी गाव शांत, आणि मोबाइल तर त्याहून शांत.

साडूंचं खाण्याचं ॲप त्यामुळे मुकं झालं. पण हिशेब तोंडी चालू राहिला. तलावाजवळ एक मावशी घरगुती जेवण करून देत. त्यांना साडूंनी विचारलं, “मावशी, लीन काही मिळेल का? चरबी नसलेलं, प्रोटीनवालं?”

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “गावठी कोंबडी.”

“मग असं सांगा की. पण आता दुपारी सांगता होय? रात्री सांगितलं असतं तर डालग्यातून काढली असती. आता पळावं लागंल.”

मग त्यांनी पावरी बोलीत कुणाला तरी हाक मारली. दोन पोरं आली, दहा-बारा वर्षांची. कोंबडी तेव्हा घरामागच्या चढावर चरत होती. पोरं दोन बाजूंनी गेली. कोंबडीने आधी न बघितल्यासारखं केलं, मग मान वर करून एकाकडे एका डोळ्याने आणि दुसऱ्याकडे दुसऱ्या डोळ्याने बघितलं, आणि सुटली ती सरळ वर. कोंबडी खाली पळेल अशी माझी अटकळ होती. पण ती डोंगरातली होती, तिला ठाऊक होतं की चढावर माणूस दमतो. पोरं मात्र दमली नाहीत. दगडांवरून, काटक्यांवरून, एका गोठ्याच्या छपरावरून तिला खाली आणत आणत शेवटी कुडाच्या कोपऱ्यात कोंडली. एकाने फडकं टाकलं. सगळा खेळ वीसेक मिनिटं चालला. साडू तोंड उघडं टाकून बघत होते. “ही झाली खरी फ्री रेंज,” ते म्हणाले.

पुढचं त्यांना बघायचं नव्हतं, पण जाळ समोरच होता. पिसं उपटलेली कोंबडी मावशींनी जाळावर फिरवून फिरवून भाजली, बारीक लव जळाल्याचा वास आला, मग अंगाला हळद चोळली. कातडी तशीच राहिली. ती काढायची असते हे त्यांना सांगण्याचा प्रयत्न साडूंनी केला.

“कातडी काढली तर चव कशात राहील, भाऊ?”

आणि मग शिजत ठेवलं. गावठी कोंबडी मुळातच चिवट. त्यातून एवढ्या उंचीवर पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, त्यामुळे मांसाला काही घाई नसते. आम्ही तलावाला एक चक्कर मारून आलो. मग दुसरी मारली. मधल्या वेळात साडूंनी कडकनाथाचा विषय काढला.

कडकनाथ म्हणजे झाबुआची काळी कोंबडी. इथून नर्मदा ओलांडली की तिचाच मुलूख. पिसं काळी, कातडी काळी, मांसही काळपट. २०१८ मध्ये मध्य प्रदेशाला तिचं भौगोलिक मानांकन मिळालं, त्याआधी छत्तीसगडनेही तिच्यावर हक्क सांगून पाहिला होता. जाहिरातीत आकडे असतात ते प्रथिनं २५ टक्के आणि चरबी एक टक्का; आणि शेजारी साध्या कोंबडीची चरबी १३ ते २५ टक्के. हा शेजार संशयास्पद आहे. कातडी काढलेल्या ब्रॉयलरच्या छातीतही शंभर ग्रॅमला बावीस-तेवीस ग्रॅम प्रथिनं आणि तीन ग्रॅमच्या आत चरबी असते. एकीचं मांस मोजायचं आणि दुसरीची कातडीसकट कुंडली मांडायची, असा तो न्याय. पण काळ्या कोंबडीची भूल मोठी. २०१९ मध्ये सांगलीकडे कडकनाथ पाळून श्रीमंत होण्याच्या योजनेत हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले. कोंबडी लीन होतीच, गुंतवणूकदारही झाले.

रस्सा आला. वर बोटभर तर्री. नंदुरबारच्या मिरचीचा लाल आणि कोंबडीच्या चरबीचा पिवळा, दोन्ही रंग एकमेकांत मिसळायला तयार नव्हते. ज्वारीच्या भाकरी, कांदा. साडूंनी वाटी हातात घेतली आणि अत्यंत अदबीने म्हणाले, “मावशी, ही तर्री जरा काढून मिळेल का?”

मावशींना वाटलं, कमी पडली. त्यांनी पळीभर आणखी घातली.

समजूत घालायला मी मध्ये पडलो. म्हटलं, “मावशी, यांना चरबी चालत नाही. तिकडे चरबी काढलेलं मांस पाकिटात विकत मिळतं, जास्त पैसे देऊन.”

मावशी चुलीपुढे बसल्या. थोडा विचार केला. “आमच्या अंगणवाडीत पोरांना काट्यावर बसवतात,” त्या म्हणाल्या. “वजन भरलं नाही की बाई रागावते. अंडं देते. तुमच्याकडे वजन भरलं की रागावतात का?”

“रागावतात,” साडू म्हणाले. “दर सहा महिन्यांनी.”

“मग एकमेकांकडे का पाठवत नाहीत?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि साडूंच्या पाकिटावरही नव्हतं. सरकारकडे थोडं आहे. नंदुरबार जिल्हा कुपोषणासाठी पेपरांत येत राहतो. म्हणून २०१५ पासून आदिवासी भागात अब्दुल कलामांच्या नावाची अमृत आहार योजना आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं ताजं जेवण, आणि सात महिने ते सहा वर्षांच्या पोरांना आठवड्यातून चार दिवस अंडं. अंडं खात नसेल त्याला केळी. अख्खं अंडं, पिवळ्यासकट. मी साडूंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मापाने माणसाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. ऐंशी किलोच्या साडूंना सहासष्ट ग्रॅम झाले. ते खातात दीडशे. उरलेल्या चौऱ्याऐंशी ग्रॅमांत चौदा अंडी बसतात, कारण एका अंड्यात सहा ग्रॅम. पण हे सगळं बोलून दाखवायची ती वेळ नव्हती. रस्सा निवत होता.

आणि साडूंनी खाल्लं. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी, दुसऱ्याला नाकात, तिसऱ्याला हात वाटीकडे. मांस दातांशी भांडत होतं. टर्की सॉसेज चावावं लागत नाही, हे साडूंना पहिल्यांदाच खटकलं असणार. तर्री काढायची राहूनच गेली. दुसरी भाकरी, तिसरी भाकरी, मग वाटी तोंडाला लावून शेवटचा घोट. मग ते गप्प झाले आणि बराच वेळ मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिले. ते घड्याळ पावलं मोजतं, नाडी मोजतं, आणि तासभर हललं नाही की मनगटाला चिमटे काढतं. साडूंच्या ऑफिसात त्यावर स्पर्धा चालते. ज्याची हालचाल जास्त, त्याला विम्याच्या हप्त्यात सूट.

दुसऱ्या दिवशीही मेनू तोच ठरला, कारण दुसरं काही ठरवायला साडू तयारच नव्हते. या वेळी आदल्या रात्री सांगायचं मी सुचवलं, म्हणजे कोंबडी डालग्यातून आयती मिळेल. साडू म्हणाले, “नको, दुपारीच सांगू.” मला वाटलं, त्यांना पळापळ बघायची हौस आहे.

दुपारी पोरं आली तेव्हा साडूंनी घड्याळ काढून थोरल्याच्या मनगटावर बांधलं. पट्टा शेवटच्या भोकातही सैल होत होता, म्हणून वरून सुतळी गुंडाळली. धाकट्याला ते बघून वाईट वाटलं, तर त्याला सांगितलं की अर्धा डोंगर झाला की बदला. कोंबडी कालच्यापेक्षा हुशार निघाली, किंवा कालची बातमी तिला लागली असावी. ती थेट देवळाच्या दिशेने गेली. तासाभराने परत आली ती तिघं, पोरं आणि कोंबडी. घड्याळ घामाने ओलं. मावशींनी कोंबडीचे, भाकरीचे आणि लाकडांचे पैसे सांगितले. साडूंनी त्यावर दोन नोटा पोरांना दिल्या आणि ‘उद्या सकाळीही या’ म्हणाले.

“उद्या सकाळी कोंबडी कशाला?” मावशींनी विचारलं. “तुम्ही तर निघणार ना?”

“कोंबडी नको,” साडू म्हणाले. “नुसतं पळायचं.”

तिसऱ्या दिवशी उतरताना सातपायरीच्या कुठल्याशा वळणावर रेंज आली आणि साडूंचा फोन टणटण वाजायला लागला. न्यू जर्सीच्या ऑफिसातून अभिनंदनाचे संदेश होते. हालचालीच्या यादीत साडू पहिले आले होते, एवढंच नव्हे, तर त्यांची विश्रांतीतली नाडी एका आठवड्यात वीस वर्षांनी तरुण झाल्याचं कळवून विमावाल्यांनी विचारलं होतं की तुमच्या आहाराबद्दल आमच्या मासिकात चार ओळी लिहाल का.

साडूंनी घाटातच उत्तर टाइप केलं. मी खांद्यावरून डोकावून वाचलं. पहिलाच शब्द होता टर्की.